काट्यापासून गाठीपर्यंत : पुरवठा साखळी शिकणाऱ्यांसाठी

यवतमाळ शहराला लागून असलेल्या लोहारा औद्योगिक वसाहतीत डेनिमचे कापड तयार होते आणि शहराबाहेर कोणत्याही रस्त्याने निघालात तरी थोड्याच वेळात पऱ्हाटीची शेते लागतात. शेत आणि कापड एकमेकांच्या इतके जवळ असूनही त्या शेतातला कापूस त्या कापडात जाईल, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. तो खेडा खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याच्या गाडीतून जिनिंगला जातो, तिथे त्याची गाठ होते, ती गाठ कदाचित हजार किलोमीटरवरच्या तमिळनाडूतल्या सूतगिरणीत पोहोचते. सुताचे कापड आणि कापडाचा शर्ट होईपर्यंत त्याने आणखी एकदोन राज्ये पाहिलेली असतात. शेवटी तो भिवंडीच्या एखाद्या गोदामातून खोक्यात बंद होऊन दारव्ह्याच्या नाहीतर वणीच्या दुकानात येतो. हा सगळा प्रवास कोण ठरवतो, कोणत्या टप्प्यावर किती वेळ आणि पैसा जातो, आणि वाटेत झालेले नुकसान कोणाच्या पदरात पडते, हे समजून घेण्याच्या अभ्यासाला पुरवठा साखळी व्यवस्थापन म्हणतात. वाहतूक, साठवण, हाताळणी यांचा हिशेब म्हणजे त्यातला लॉजिस्टिक्सचा भाग.

अमरावतीचे संत गाडगेबाबा विद्यापीठ १ मे १९८३ रोजी स्थापन झाले. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळ या पाच जिल्ह्यांतली महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेत. या पट्ट्यात बी.कॉम. किंवा एमबीए करणारी कितीतरी मुले-मुली अशा घरांतून येतात, जिथे दिवाळीनंतरचा प्रत्येक मोठा खर्च कापसाच्या चुकाऱ्यावर अवलंबून असतो. वर्गात त्यांच्या हाती सुनील चोप्रा आणि पीटर माइंडल यांचे जगभर वापरले जाणारे पाठ्यपुस्तक येते, नाहीतर त्याच वळणाचे दुसरे एखादे. त्यात टोयोटा असते, डेल असते, झारा असते, जपानमधली सेव्हन-इलेव्हनची दुकाने असतात. ही उदाहरणे उत्तम आहेत आणि ती शिकलीच पाहिजेत. पण त्या सगळ्यांत साखळीकडे पाहणारा माणूस एका मोठ्या कंपनीच्या कार्यालयात बसलेला असतो. कच्चा माल त्याच्याकडे ‘येतो’. तो कुठून, कोणत्या अवस्थेत, कोणाच्या जोखमीवर निघाला, हा प्रश्न त्याच्या तक्त्याच्या डाव्या कडेला एका चौकोनात संपतो. आपले विद्यार्थी त्या चौकोनात राहतात. त्यांनी हा विषय कापसापासून शिकावा आणि साखळीकडे दोन्ही टोकांकडून पाहायला शिकावे, एवढ्याच आग्रहासाठी ही प्रस्तावना लिहीत आहे.

सुरुवात वजनापासून करू. जिनिंगमध्ये शंभर किलो कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते. बाकीची बहुतेक सरकी असते आणि थोडी घट. भारतात रुईची गाठ १७० किलोची असते. रुईचा उतारा ३४ टक्के धरला तर पाच क्विंटल कापसाची बरोबर एक गाठ होते. एवढ्या एका हिशेबातून कितीतरी गोष्टी उलगडतात. शेतातून निघालेल्या गाडीतल्या वजनाचा दोनतृतीयांश भाग सरकीचा असतो. सुटा कापूस फुगलेला असतो, त्यामुळे गाडीची वजनक्षमता संपण्याआधीच तिची जागा संपते. म्हणून कापूस सरकीसकट लांब नेणे कोणालाच परवडत नाही. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने वणी, पांढरकवडा, राळेगाव, घाटंजी असे शेताच्या जवळ उभे राहिले, आणि दाबून घट्ट केलेली गाठ मात्र देशाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाऊ शकते. प्रक्रियेत ज्या मालाचे वजन घटते त्याचा कारखाना कच्च्या मालाजवळ असावा, असे जर्मन अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेबर यांनी १९०९ मध्ये मांडले. वर्गात तो सिद्धान्त आकृती काढून शिकवला जातो. पांढरकवड्याच्या रस्त्यावर तो उभा असलेला दिसतो.

सरकीचा मागही सोडू नये. ती तेलघाणीत जाते, तिच्यापासून तेल आणि ढेप निघते, आणि ढेपेच्या व्यापारात अकोल्याचा भाव महत्त्वाचा मानला जातो. ढेप जनावरांच्या दावणीत जाते, म्हणजे दुधाच्या खर्चात शिरते. एका बोंडातून दोन साखळ्या निघतात आणि जिनिंगवाला कापसाचा भाव देताना दोन्हींचा विचार करतो. रुई मंदीत असताना सरकी तेजीत असेल तर कापसाला थोडा आधार मिळतो. हे गणित घरी बापाला नीट सांगता आले, तर त्या विद्यार्थ्याला हा विषय कळला असे मी समजेन.

आता ओलावा. भारतीय कपास निगम, म्हणजे सीसीआय, हमीभावाने कापूस घेते तेव्हा आठ टक्के ओलावा प्रमाण धरते. बारा टक्क्यांपर्यंतचा कापूस घेतला जातो, पण आठच्या वरच्या प्रत्येक टक्क्यामागे तेवढा भाव कमी होतो. बाराच्या पुढे खरेदीच होत नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. बारा टक्क्यांच्या कापसावर चार टक्के, म्हणजे सुमारे ३२४ रुपये कमी होतात. तेरा टक्के भरला तर गाडी परत फिरते, आणि भरलेली गाडी घरी नेण्यापेक्षा शेजारच्या व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात देणे शेतकऱ्याला सोपे वाटते. सकाळी दहिवरात वेचणी झाली होती की ऊन तापल्यावर, वेचलेला कापूस अंगणात वाळवायला जागा होती की नाही, ऑक्टोबरात पाऊस लांबला की नाही, यावर कोणत्या दाराने माल विकला जाईल हे ठरते. पाठ्यपुस्तकात ‘विक्रीमार्गाची निवड’ नावाचे एक प्रकरण असते. इथे ती निवड ओलावा मोजण्याचे यंत्र करते.

भाव हा त्या निवडीचा एकच भाग आहे, हेही विद्यार्थ्याने मोजून पाहावे. एका बाजूला हमीभाव, पण नोंदणी, सातबाऱ्यावरचा पेरा, रांग, ग्रेडरचा निर्णय आणि बँक खात्यात येणारा चुकारा. दुसऱ्या बाजूला क्विंटलमागे काहीशे रुपये कमी, पण दारात काटा, हातात पैसे, गाडीभाडे नाही आणि दिवस मोडत नाही. ज्याच्यावर कृषी केंद्राची उधारी आहे आणि वेचणीची मजुरी किलोवर रोजच्या रोज द्यायची आहे, तो दुसरी बाजू निवडतो. खेळत्या भांडवलाच्या धड्यातले सूत्र हेच सांगते. बाहेरून पाहणारे लोक शेतकऱ्याला व्यवहार कळत नाही म्हणतात तेव्हा त्यांनी हे गणित केलेले नसते.

या साखळीतला मला सर्वांत शिकवणारा भाग मात्र एका धाग्याचा आहे. वेचणीसाठी बायका बहुधा खताची किंवा बियाण्याची रिकामी प्लास्टिकची पोती वापरतात, कारण ती घरात पडलेली असतात. पोत्याचा एखादा धागा सुटतो आणि कापसात मिसळतो. जिनिंगमध्ये त्याचे तुकडे होतात. सूतगिरणीत तो सुतात कातला जातो. कापड रंगवले की तो दिसतो, कारण प्लास्टिकचा धागा रंग घेत नाही आणि गडद कापडावर पांढरा ठिपका राहतो. तोपर्यंत त्या कापडावर कातण्याचा, विणण्याचा, रंगाचा सगळा खर्च झालेला असतो. भारतीय कापसाची परदेशी खरेदीदारांमधली जुनी तक्रार हीच आहे, आणि सूतगिरण्यांना गाठ फोडून कचरा वेचायला माणसे लावावी लागतात. उपाय अगदी साधा आहे. वेचणीला सुती ओटी किंवा सुती झोळी, डोक्याला फडके, वाहतुकीला सुती ताडपत्री. खर्चही फार नाही. पण तो खर्च राळेगावच्या शेतकऱ्याने करायचा आणि फायदा कोइमतूरच्या गिरणीला व्हायचा. काट्यावर स्वच्छ कापसाचा वेगळा भाव मिळत नाही. दोष साखळीच्या सुरुवातीला जन्मतो, त्याची किंमत शेवटी मोजली जाते, आणि दुरुस्तीचा पैसा मागे येत नाही. फेब्रुवारी २००० मध्ये सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान मोहिमेतून जिनिंग आणि बाजारांचे यार्ड सुधारले, सिमेंटचे ओटे झाले, आणि अलीकडे ‘कस्तुरी’ या नावाखाली गाठीला ओळख देऊन तिचा माग ठेवण्याचा प्रयत्न सुरू झाला आहे. हे सारे योग्य दिशेने आहे. तरी गाठीवरची ओळख वेचणाऱ्या बाईच्या मजुरीपर्यंत कशी पोहोचवायची, हा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याने सोडवायला घेतला तर त्याच्या दोन वर्षांचे सोने होईल.

या रचनेला इतिहास आहे, आणि तो ठाऊक असल्याशिवाय आजची साखळी कळत नाही. देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार १८८६ मध्ये कारंजा येथे सुरू झाला. दारव्ह्यापासून ते फार लांब नाही. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस वाजवी भावात मिळावा, हा त्यामागचा हेतू होता. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अडीच फुटी रेल्वे आली, जिला आपण शकुंतला म्हणतो. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने ती कापसासाठी बांधली. यवतमाळहून निघालेला कापूस मूर्तिजापूरला अरुंद रुळांवरून उतरवून रुंद रुळांवरच्या डब्यात चढवावा लागे. मार्ग बदलताना होणाऱ्या अशा चढउताराचा खर्च हा लॉजिस्टिक्समधला पायाभूत धडा आहे. तो शिकवायला आपल्याकडे सव्वाशे किलोमीटरच्या आत जिवंत उदाहरण होते, आणि त्या मार्गावर १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन धावत होते. बाजाराचे नियम आणि रुळांची दिशा दोन्ही खरेदीदाराच्या गरजेने आखले गेले, मालाला बाहेर नेण्यासाठी. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्धा-कळंब हा टप्पा सुरू झाला. पूर्ण मार्ग २८४ किलोमीटरचा आहे. या रुळांवरून काय बाहेर जाईल आणि काय आत येईल, गाठी जातील की कापड, हे ठरवणारी माणसे आज वर्गात बसलेली आहेत.

मागणीचा अंदाज हा या विषयातला सर्वांत अवघड भाग. त्यासाठी अमेरिकेतल्या एमआयटीत जे फॉरेस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास एक खेळ तयार केला, तो आजही जगभर खेळवला जातो. त्यात बिअर विकणारा दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना असे चार खेळाडू असतात. ग्राहकाची मागणी थोडीशीच बदलते, पण प्रत्येक जण घाबरून थोडे जास्त मागवतो आणि कारखान्यापर्यंत पोहोचेस्तोवर त्या छोट्या बदलाची मोठी लाट होते. आपल्या वर्गात हा खेळ कपाशीच्या बियाण्यावर खेळवावा. जून उजाडतो, मृगाचा पाऊस येईल की नाही ठाऊक नसते, एका विशिष्ट वाणाची चर्चा गावोगाव पसरते. कृषी केंद्रवाला शंभर पाकिटांची गरज असताना दोनशे सांगतो, कारण त्याला कमी मिळतील याची खात्री असते. वितरकही तेच करतो. बियाणे मात्र आधीच्या वर्षी तेलंगण, आंध्र, गुजरातच्या शेतांत तयार करावे लागलेले असते, आयत्या वेळी वाढवता येत नाही. एका गावात टंचाई, दुसऱ्या गावात पडून राहिलेला साठा, कुठे जादा दराने विक्री, कुठे नको असलेल्या मालाचे लिंकिंग. पेरणी साधली नाही तर दुबार पेरणी, म्हणजे मागणीची दुसरी लाट. ज्यांच्या घरचे कृषी केंद्र आहे अशा मुलांना वर्गात पुढे बोलवा. बाकीच्यांना प्रकरण वाचून जे कळणार नाही ते त्यांच्या एका हंगामाच्या वहीतून कळेल.

याच साखळीची एक काळी बाजू लपवू नये. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कारणे अनेक होती. पण या विषयाच्या विद्यार्थ्याने एक गोष्ट पाहावी: कीटकनाशकाची बाटली शेवटच्या गावापर्यंत वेळेवर पोहोचत होती. हातमोजे, तोंडाला लावायचे साधन, दोन औषधे एकत्र करू नयेत ही सूचना, आणि विषबाधेवर ग्रामीण रुग्णालयात तातडीने मिळायला हवा तो उपचार, हे त्या गतीने पोहोचत नव्हते. शेवटच्या टप्प्याचे वितरण यशस्वी झाले असे म्हणताना काय पोहोचले आणि काय नाही, हे दोन्ही मोजले पाहिजे.

साठ्याचा खर्च शिकवताना आपण गोदामभाडे, व्याज, विमा आणि घट असे चार रकाने मांडतो. भावाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याचे गोदाम म्हणजे त्याचे राहते घर असते. निम्मी खोली छतापर्यंत कापसाने भरते, अंगाला खाज सुटते, आगीची धास्ती असते, आणि कापूस वाळत जाऊन वजन घटते. २०२१-२२ मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात तोच भाव येईल म्हणून अनेकांनी माल राखून ठेवला आणि भाव उतरत गेला. गेल्या वर्षीचा भाव हाच पुढचा अंदाज धरणे ही चूक शिकलेले व्यवस्थापकही करतात. फरक एवढाच, की त्यांच्या चुकीचा भार कंपनीचा ताळेबंद उचलतो. २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून हटवले आणि ती सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. गिरण्यांना स्वस्त कापूस हवा होता, आणि त्यांची अडचणही खरी होती. पण त्या अधिसूचनेच्या वेळी घाटंजीतल्या पऱ्हाटीला बोंडे धरायची होती. शुल्क, जागतिक भाव, विनिमय दर यांचे प्रकरण वाचताना ही दोन्ही टोके समोर ठेवावीत.

जिल्ह्यात दुसऱ्या जातीच्या साखळ्याही आहेत. वणी भागातला कोळसा, मुकुटबनचे सिमेंट: तिथे माल बारमाही निघतो, रेल्वेचे रॅक लागतात, रॅक भरायला उशीर झाला तर दंड भरावा लागतो. हंगामी आणि बारमाही मालाची तुलना करायला एवढे पुरे. नागपूर-हैदराबाद महामार्ग पांढरकवड्यावरून जातो, नागपूर-तुळजापूर महामार्ग यवतमाळवरून. वर्धा जिल्ह्यात सिंदी रेल्वे येथे ड्राय पोर्टचे काम हाती घेतलेले आहे, अमरावतीजवळ नांदगाव पेठला पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क. अभ्यासाला विषय कमी पडणार नाहीत.

कमी पडते ते जाऊन पाहणे. प्रकल्प अहवाल नावाची काळ्या बांधणीची वही अनेक ठिकाणी मागच्या वर्षीच्या वहीवरून तयार होते. विद्यार्थ्याला सगळा दोष देणे मला मान्य नाही. त्याला कुठे जायचे, कोणाला काय विचारायचे आणि काय मोजायचे हे सांगितलेलेच नसते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार क्षेत्रीय प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामातील प्रशिक्षण आता अभ्यासक्रमाचा भाग झाले आहेत. ही मोठी संधी आहे. चाकण किंवा भिवंडीच्या गोदामात जाऊन स्कॅनर, रॅक, डॉक यांचे काम शिकावे. नोकरी बहुधा तिथेच मिळणार आहे. पण त्याआधी एक हंगाम आपल्या बाजार समितीत घालवावा. मुंबईच्या डबेवाल्यांवर हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० मध्ये केस प्रसिद्ध केली, आणि आज ती जगभर शिकवली जाते. मावळ-खेडच्या माणसांनी शंभरहून अधिक वर्षे चालवलेले काम कोणीतरी बारकाईने पाहिले, मोजले आणि लिहिले. दिग्रसच्या कापसाच्या गाडीवरची केस लिहायला बोस्टनहून कोणी येण्याची गरज नाही.

विद्यार्थ्यांना एवढीच विनंती. डिसेंबरात कापसाची आवक भरात असताना सकाळी लवकर यार्डात जा. सचिवांची परवानगी घ्या आणि हमाल, मापारी यांच्या कामात आडवे येऊ नका. एक गाडी निवडा. ती कधी आत आली, कधी हर्रास झाला, काट्यावर कधी चढली, ओलावा किती निघाला, कट्टी किती लागली, रिकामी होऊन कधी बाहेर पडली आणि चुकारा कधी मिळाला, एवढे लिहून घ्या. गाडीवानाला भाडे विचारा, शेतकऱ्याला वेचणीची मजुरी विचारा, त्यांची नावे वहीत लिहू नका. मग तो कापूस ज्या जिनिंगमध्ये गेला, तिथून निघालेल्या एका गाठीच्या मागे जाता येईल तितके जा. अशा दहा गाड्यांच्या नोंदी झाल्या की पाठ्यपुस्तक पुन्हा उघडा. त्यातली सूत्रे तेव्हा तुमच्या कामाला येतील, आणि ती कुठे अपुरी पडतात हेही तुम्हीच आम्हा शिक्षकांना सांगा.